हुकूम काढणारी माणसं

अमेरिकेहून परत आलेल्या माणसानं काय करायचं, हे आमच्या नागपुरात ठरलेलं आहे. चॉकलेटं वाटायची, तिथले रस्ते कसे गुळगुळीत आहेत ते सांगायचं आणि शेवटी "पण आपल्यासारखी मजा नाही हो तिथं" म्हणून पाहुण्याला चहा पाजायचा. चॉकलेटं मी वाटली. पुढचं काही जमत नाही. लोक विचारतात, "व्हाइट हाउस पाहिलं का?" पाहिलं. "कसं आहे?" पांढरं आहे. एवढं बोलून मी उठतो आणि आत जातो. शेवटी मंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, "बोलवत नाही ना, मग लिहा. जन्मभर कचेरीत लिहीतच तर होतात." म्हणून लिहायला बसलोय. यात माझी शोभा होणार आहे. होऊ दे.

श्रूजबरी

बोस्टनच्या विमानतळावर आम्हाला घ्यायला माझा पुतण्या निखिल आला होता. तिथून तासाभरावर श्रूजबरी नावाचं गाव आहे, तिथं तो, त्याची बायको ऋचा आणि पाच वर्षांची इरा राहतात. गाव म्हणजे झाडी, तळं आणि झाडीतून डोकावणारी लाकडी घरं. रस्त्यावर माणूस दिसत नाही, हॉर्न वाजत नाही. पहिल्या दिवशी मी निखिलला विचारलंसुद्धा, "आज इथं बंद आहे का रे?"

ऋचा ही माझ्या लंगोटीयार वसंताची मुलगी. वसंता आणि मी धरमपेठेतल्या एकाच शाळेत शिकलो आणि पुढं आयुष्यभर शेजारी राहिलो. निखिल-ऋचाचं लग्न मीच जमवलं. जमवलं म्हणजे काय, दोन्ही घरी जाऊन सांगितलं की हे होणार आहे. ते झालं, चांगलंही झालं, त्यामुळे माझा आत्मविश्वास उतू चालला होता. त्यात मी तहसीलदार म्हणून निवृत्त झालेला. "आदेश पारित करण्यात येत आहे" हे वाक्य लिहिल्याशिवाय माझा दिवस कधी गेला नाही.

ऋचानं पहिल्याच संध्याकाळी सांबारवडी केली. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, हे तिकडच्या पुणेकरांना समजावताना तिचा अर्धा जन्म गेला असेल. वडी अशी खुसखुशीत की मी मोजायचं सोडून दिलं. इरानं मात्र वडीकडे पाहून "आय डोन्ट लाइक ग्रीन" असं जाहीर केलं. मी म्हटलं, "आजोबा सांगतात ना, खायची!" तिनं शांतपणे विचारलं, "व्हाय?" आता या प्रश्नाचं उत्तर मला कधी द्यावं लागलं नव्हतं, त्यामुळे ते माझ्याकडे तयार नव्हतं. सगळे हसले. मीही हसलो. तेव्हाच जरा थांबून विचार करायला हवा होता.

रविवारी ऋचाकडे मराठी मंडळींचा गोतावळा जमला. प्रत्येकानं फॉइलच्या ट्रेमधून एकेक पदार्थ आणलेला, मुलं तळघरात धुडगूस घालताहेत आणि पुरुष मंडळी कोपऱ्यात उभी राहून हलक्या आवाजात काहीतरी बोलताहेत. "स्टॅम्पिंग", "अप्रूव्हल", "यार, या वर्षी तरी नको जाऊस" असे शब्द कानावर येत होते. मला वाटलं, कंपनीतलं काही असेल. विचारावंसं वाटलं नाही. तितक्यात वसंताचा व्हिडिओ कॉल आला.

वसंताला काचबिंदू आहे. वहिनी गेल्यापासून तो एकटाच असतो, आणि नजर कडेकडून आत अशी विझत चाललीय. डॉक्टरांनी साफ सांगितलंय, गेलेली परत येणार नाही आणि उरलेली कधीपर्यंत टिकेल ते विचारू नका. इराला त्यानं प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. फोन नाकाला लावून तो म्हणाला, "बंडू, तुम्ही सगळे आहात ना तिथं? मला नुसता उजेड हलताना दिसतो रे."

मला फार वाईट वाटलं. ते खरं होतं, एवढं मी माझ्या बाजूनं सांगतो. मी फोन हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वसंता, कान देऊन ऐक. ऋचा दिवाळीला नागपूरला येतेय. इराला घेऊन. मी हुकूम काढलाय!"

टाळ्या पडल्या. कोणीतरी "क्या बात है काका!" असं ओरडलं. वसंता हसला. ऋचा स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मी बघते हं."

"बघते नाही!" मी म्हणालो. "येतेय म्हण."

तिनं हातातला ट्रे सावरला. मग ती म्हणाली, "येतेय बाबा."

आपल्या घरांत हे असंच चालतं. मोठ्या माणसानं चारचौघांत जाहीर करायचं आणि लहानांनी मान डोलवायची. चारचौघांत का, तर नाही म्हणता येऊ नये म्हणून. याला आपण माया म्हणतो. त्या रात्री मला अशी गाढ झोप लागली की मंदानं सकाळी हलवून उठवलं.

आयसेलिन

पुढच्या आठवड्यात आम्ही दक्षिणेकडे निघालो. निखिलला सुट्टी नव्हती, म्हणून गाडी ऋचानं चालवली. मागे मंदा आणि इरा, पुढे मी, नकाशा नसताना रस्ता सांगायला.

न्यू जर्सीतल्या आयसेलिनला मंदाच्या मावसबहिणीकडे मुक्काम केला. तिथला ओक ट्री रोड म्हणजे आपली सीताबर्डीच, फक्त पार्किंगला शिस्त. साड्या, दागिने, चाट, पानसुद्धा. मी दोन पानं लागोपाठ खाल्ली आणि तिसरं बांधून घेतलं. एका दुकानात मी ऋचाला म्हटलं, "अगं, वसंतासाठी दिवाळीचा कुर्ता घेऊन टाक. तुझ्याच हातानं दे त्याला." तिनं एक पांढरा कुर्ता काढला, बराच वेळ कापडावरून हात फिरवत राहिली, मग तो घडी करून परत ठेवला. मग पुन्हा उचलला आणि घेतला.

"बायकांचं खरेदीचं काही कळत नाही बुवा," असं मी दुकानदाराला म्हणालो. तोही हसला.

गाडीत बसताना मंदा माझ्या कानाशी लागली. "अहो, पोरीचं काहीतरी बिनसलंय. तिला एकदा विचारा तरी, जमतंय का जायला."

"त्यात विचारायचं काय? तिकीट काढलंय तिनं."

"तिकीट काढलंय म्हणूनच म्हणते," मंदा म्हणाली. मी खिडकी खाली केली आणि पानाची पिंक टाकायला जागा शोधू लागलो. त्या देशात ती मिळत नाही.

वॉशिंग्टन

वॉशिंग्टनला मावसबहिणीची मुलगी मीरा भेटली. तिथंच जन्मलेली, तिथंच वाढलेली, शाळेत इतिहास शिकवते. मराठी बोलते, पण प्रत्येक वाक्य मराठीत सुरू होऊन इंग्रजीत उतरतं. सकाळी एका संग्रहालयाच्या दारात माझी झडती झाली आणि खिशातून अडकित्ता निघाला. पहाऱ्यावरच्या दांडग्या बाईनं तो दोन बोटांत धरून विचारलं, "सर, व्हॉट इज धिस?" मी म्हटलं, "फॉर सुपारी." तिचं समाधान झालं नाही. मी सुपारी कातरल्याचा अभिनय करून दाखवला, तेव्हा ती एक पाऊल मागे सरली. मीरा बिचारी अडकित्ता घेऊन पार गाडीपर्यंत गेली आणि ठेवून आली. मंदा आणि ऋचा हसून हसून बेजार. त्या प्रवासात ऋचाला मी पोटभर हसताना ऐकलं ते तेवढंच.

दुपारी व्हाइट हाउस. आपल्याला वाटतं केवढा महाल असेल. जाळीच्या उंच कुंपणातून पाहिलं तर हिरवळीच्या पलीकडे एक नीटस पांढरी इमारत, पुढे खांब. आमच्या राजभवनाचा पसारा याहून मोठा वाटतो. समोर चौकात एक म्हातारा पुठ्ठ्याचा फलक घेऊन अध्यक्षांच्या नावानं खडे फोडत होता, आणि पोलीस शेजारी उभे राहून सँडविच खात होते. नागपुरात हिवाळी अधिवेशनाच्या वेळी मी मोर्च्यांच्या बंदोबस्तावर उभा राहिलेला आहे. विधानभवन दिसेल इतक्या जवळ आम्ही कोणाला फिरकू देत नव्हतो.

मला मात्र त्या म्हाताऱ्यापेक्षा कुंपणापलीकडचा माणूस आवडत होता. मी म्हणालो, "काही म्हणा, अधिकार असावा तर असा. एक माणूस ठरवतो, सही करतो, खेळ खलास! आमच्याकडे एक कागद सतरा टेबलांवर धूळ खातो."

"काका, असं नव्हतं ठरलं ओरिजिनली," मीरा म्हणाली. "राजाला हाकलून दिलं होतं ना, सो दे वेअर स्केअर्ड. घटनेत काँग्रेसबद्दल, म्हणजे इथल्या संसदेबद्दल, आधी लिहिलंय आणि खूप लांब लिहिलंय. प्रेसिडेंट नंतर येतो, थोडक्यात. त्याला काय म्हणायचं यावरसुद्धा भांडले. कोणी म्हणे, हिज हायनेस म्हणू. शेवटी साधं मिस्टर प्रेसिडेंट."

"मग एवढा मोठा कसा झाला?"

"हळूहळू. युद्ध आलं, मंदी आली, काहीतरी क्रायसिस आला की प्रेसिडेंट थोडी जास्त पॉवर घेतो. काँग्रेसला पण बरं वाटतं, ब्लेम नको म्हणून. आणि एकदा घेतली ना काका, की पुढचा परत देत नाही. पार्टी कुठलीही असू दे. युद्ध जाहीर करायचा हक्क काँग्रेसचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी एकदाही जाहीर केलेलं नाही. लढाया बघा किती झाल्या."

"पण सहीनं चांगलंही होतंच ना?"

"होतं. गुलामांना मोकळं करायचं डिक्लरेशन एका प्रेसिडेंटच्या सहीनं निघालं. आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडून छावण्यांत जावं लागलं, तेही एका सहीनं. त्यात इथंच जन्मलेली मुलं होती. सही करणाऱ्याला ती माणसं दिसत नाहीत काका, दॅट्स द प्रॉब्लेम."

मी हात झटकला. "अगं, एवढा मोठा देश चालवायचा म्हणजे एकेकाचं तोंड बघत बसणार का? कणखर माणूस पाहिजे. असाच पाहिजे!"

ऋचा कुंपणाशी इराला उचलून धरून उभी होती. तिनं इराला खाली ठेवलं आणि म्हणाली, "काकू, मी हिला पाणी पाजून आणते." पाण्याची बाटली माझ्या हातात होती, हे मला ती गेल्यावर लक्षात आलं.

नदीकाठचं घर

दुसऱ्या दिवशी मीरानं आम्हाला पहिल्या अध्यक्षांच्या घरी नेलं. पोटोमॅक नदीच्या काठावर, उंचावर. दुरून दगडी दिसतं, जवळ जाऊन पाहिलं तर लाकूड. फळ्यांना रंग देऊन ओल्या रंगावर वाळू मारली आहे, म्हणजे पाहणाऱ्याला दगड वाटावा. मागच्या बाजूला ज्या गुलामांच्या जिवावर हे सगळं उभं होतं त्यांच्या खोल्याही दाखवतात. लपवत नाहीत, हे मला आवडलं.

नदीकडच्या व्हरांड्यात लाकडी खुर्च्या मांडल्या होत्या. तिथं बसून मीरा म्हणाली, "हा माणूस दोनदा प्रेसिडेंट झाला आणि घरी आला. कोणी जा म्हटलं नव्हतं. तेव्हा तसा नियमच नव्हता. पुढे एक जण चार वेळा निवडून आला, तेव्हा कुठे दोनचा कायदा झाला."

तेवढ्यात ऋचाचा फोन वाजला. निखिल होता. ती उठून दोन पावलं लांब गेली. "कधी? आत्ता? लॉयरनं काय लिहिलंय?" एवढं ऐकू आलं. परत आली आणि उभीच राहिली.

"काय गं?" मंदानं विचारलं.

"नवीन ऑर्डर निघालीय काकू. व्हिसावाल्यांची. नेमकं काय आहे ते अजून कोणालाच माहीत नाही. कंपनीच्या वकिलाची मेल आलीय की कोणीही देशाबाहेर जाऊ नका."

आणि मी, मी काय बोललो ते लिहायलासुद्धा नको वाटतंय. मी मांडीवर थाप मारून म्हणालो, "बघा! काल म्हटलं नव्हतं? सही केली की विषय संपला!"

ऋचा माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हो काका. संपला."

मग मंदानं तिला हाताला धरून बसवलं, आणि तिनं सगळं सांगितलं. मला म्हणून नाही, मंदाला. इथं राहायला, काम करायला त्यांना परवानगी आहे. पण एकदा बाहेर पाऊल टाकलं की परत येताना पासपोर्टवर नवा शिक्का लागतो, तो मुंबईत मिळणार, त्याची तारीख कधी मिळेल आणि मिळालेली टिकेल का याचा भरवसा नाही. ओळखीतली एक बाई आजारी आईला भेटायला गेली, ती महिने झाले तिकडेच अडकली आहे. नोकरी गेली. नवरा आणि शाळकरी मुलगा इकडे. इरा इथं जन्मलेली, तिला कोणी अडवणार नाही, तिच्या आईला अडवतील. कोपऱ्यातली मंडळी हळू आवाजात बोलत होती ती हेच.

"मग तिकीट कसं काढलंस?" माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"तुम्ही सगळ्यांसमोर बोललात काका. बाबा हसले. ते किती दिवसांनी हसले होते माहितेय? मग मी काय बोलणार होते?" ती थांबली. "मी जाणार होते. निखिलशी भांडून. म्हटलं, अडकले तर अडकले. पण आता नोकरीच जाईल. इराचं काय करू?"

"मला एका शब्दानं सांगायचंस ना!"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

मीरा नदीकडे बघत राहिली. मंदा मात्र माझ्याकडे वळली. एवढ्या वर्षांच्या संसारात ती मला चारचौघांत कधी बोललेली नाही. त्या दिवशी बोलली. "त्या पांढऱ्या घरातल्या माणसाला कोर्ट तरी थांबवतं. तुम्हाला थांबवायला घरात कोणी आहे का हो?"

समोर नदी एवढी रुंद आणि शांत होती, आणि मला तिच्याकडे पाहण्याचीसुद्धा लाज वाटत होती. कालच्या म्हाताऱ्याची आठवण झाली. त्याला निदान फलक घेऊन कुंपणाबाहेर उभं राहता येत होतं. ऋचाला माझ्यासमोर तेवढंही करता आलं नाही. तिनं ट्रे धरला होता.

परतीच्या वाटेवरही गाडी ऋचानंच चालवली. मी रस्ता सांगितला नाही. श्रूजबरीला पोचल्यावर मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "ऋचा, माझं चुकलं." माफी मागायची सवय नसल्यानं ते हुकूम वाचून दाखवल्यासारखंच झालं. ती म्हणाली, "जाऊ द्या काका." मग थोड्या वेळानं, "बाबांना तुम्ही सांगाल? समोर बसून? फोनवर माझ्याच्यानं नाही होणार."

"सांगतो," मी म्हणालो. तिनं तो पांढरा कुर्ता माझ्या बॅगेत ठेवला.

नागपूर

घरी आल्यावर आंघोळ केली आणि तसाच मंदाला घेऊन वसंताकडे गेलो. फाटक नवं रंगवलेलं होतं. मागची खोली, जिथं अडगळ असायची, ती रिकामी करून चुना मारला होता. खिडक्यांना डासांची जाळी. बाथरूममध्ये पिवळं प्लास्टिकचं छोटं स्टूल, नळाला हात पुरावा म्हणून. वसंता हातानं चाचपडत मला एकेक दाखवत होता. मी पाहत होतो आणि तो सांगत होता.

बसलो. घसा साफ केला. "वसंता, ऋचाचं..."

"माहितेय," तो म्हणाला. "बातम्या ऐकल्या मी. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

मी पिशवीतून कुर्ता काढून त्याच्या हातात दिला.

"आमचं ठरलं होतं रे बंडू. गेल्या वर्षीच मी तिला म्हटलं होतं, ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत यायचं नाव काढू नको. ती खूप रडली. मग ऐकलं तिनं. मग मलाही जमायला लागलं होतं. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, पोरगी सुखात आहे, बास." त्यानं कुर्त्याची घडी मांडीवर घेतली आणि कापडावरून हात फिरवला, अगदी ती फिरवत होती तसा. "तू फोनवर ते जाहीर केलंस आणि बाप्पा, मी रंगाऱ्यालाच बोलावलं. आता परत जमवायचं म्हणजे कठीण जातंय."

मला रागावला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या ऐकून घेतल्या असत्या. तो रागावला नाही. म्हणाला, "जाऊ दे. तू बघून आलास ना तिला? मग सांग. कशी दिसते आता ऋचा?"

"चांगली आहे," मी म्हणालो.

"चांगली म्हणजे कशी? वाळली आहे का? केस लांबच आहेत का?"

मी आठवू लागलो. व्हाइट हाउसचे खांब आठवले. कुंपणाची जाळी आठवली. नदीकाठच्या घराच्या फळ्यांवरची वाळू आठवली. माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून वसंता वाट पाहत होता.

शेवटी मंदा बोलली. "केस कापलेत भाऊजी, खांद्यापर्यंत. जरा उतरलीय, पण तब्येत बरी आहे. आणि इथं, डाव्या बाजूला, एक पांढरी बट आलीय. रंगवत नाही ती."

"डाव्या बाजूला?" वसंता एकदम पुढं झाला. "तिच्या आईलाही तिथंच आली होती. अजून सांगा."

मंदा सांगत गेली. हसताना तोंडावर हात ठेवते. कामाला बसली की चष्मा लावते. इराला झोपवताना अजून वहिनींचंच गाणं म्हणते. वसंता डोळे मिटून ऐकत होता. शेजारी मीही ऐकत होतो, आणि त्यातलं सगळं मलाही पहिल्यांदाच कळत होतं.